याच्या शिंका धरायच्या नाहीत

दिवाळी तोंडावर आली म्हणून दुपारी माळ्यावरची आजीची गोधडी काढली. घडी उलगडली मात्र, सुरू! मी शिंका मोजतो. जुनी खोड आहे. आज सतरा. बाराव्या शिंकेला खालच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

मोजायचं लहानपणीच लागलं. बाबा ऑफिसला निघाले आणि मी शिंकलो की आजी त्यांना पाटावर बसवायची, घोटभर पाणी द्यायची. एक शिंक वाईट, दोन चालतात, असा काहीतरी हिशेब होता तिचा. पण मी चालू झालो की नवाच्या पुढे. बाबा एक चप्पल पायात, एक हातात घेऊन उंबऱ्यात उभे, बस गेलेली. शेवटी आजीनंच निकाल दिला, "याच्या शिंका धरायच्या नाहीत." तेव्हापासून मी शकुनातून बाद. मग ती तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडी हुंगायला द्यायची. तळहातानं नाक खालून वर घासून घासून नाकावर एक आडवी रेघ उमटली होती. डॉक्टरांनी ती बघूनच ओळखलं, ही सर्दी नव्हे, अ‍ॅलर्जी.

मागच्या प्लॉटवर गाजरगवत फुललंय, ते वेगळंच. आपल्याकडे ते पसरू लागल्याची दखल घेतली गेली ती पुण्यात, 1950च्या दशकात. पुण्याला कशाकशाचा मान मिळावा!

गोळी घेतली की दिवसभर पेंग येते, म्हणून मी आपला मिठाच्या पाण्यावर आहे. पाणी उकळून कोमट केलेलं, नळाचं थेट नाही. एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून येतं. पहिल्या दिवशी सगळं घशात गेलं होतं. केर काढायच्या आधी फरशीवर ओलं फडकं, उशीचे अभ्रे दर रविवारी गरम पाण्यात.

गोधडीचं मात्र अडतं. गादी-गोधड्यांत डोळ्यांना न दिसणारे माइट असतात, आपल्याच कातडीचा कोंडा खाऊन जगणारे. नाक बिथरतं ते मुख्यतः त्यांच्या विष्ठेनं. ऊन दाखवून भागत नाही; 60 अंशांच्या पाण्यात धुवायला हवं. आणि ही तर आजीच्या लुगड्यांची. एक हिरवं, एक अंजिरी, टाके तिचेच, एका कोपऱ्यात तिरके गेलेले. कढत पाण्यात रंग जाईल, तिचा वासही जाईल.

वास अजून आहे का बघावं म्हणून त्या कोपऱ्याला नाक लावलं.

अठरा.