तिच्या गप्प बसण्याचा अर्थ

सॉफ्टवेअर रिलीजच्या आदल्या दिवशीची मीटिंग. टेस्टिंगची जबाबदारी असलेली आमची जपानी सहकारी ऑनलाइन होती. मी विचारलं, "उद्या सिस्टीम सुरू करायची, कुणाची हरकत?" बाकीचे पटापट 'नाही' म्हणाले. ती गप्प. चार-पाच सेकंद गेले असतील.

आदल्या महिन्यातच आम्हाला आंतरसांस्कृतिक संवादाचं ट्रेनिंग मिळालं होतं. 'जपानी माणूस चारचौघांत नकार देत नाही, गप्प बसतो' हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. तिची पंचाईत होऊ नये म्हणून मीच म्हणाले, "ठीक आहे, पुढे ढकलू." मीटिंगच्या मिनिट्समध्ये (इतिवृत्तात) नोंद झाली: टेस्टिंगच्या हरकतीमुळे रिलीज लांबणीवर.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज शांत, पण दुखावलेला. "माझी हरकत होती असं कुणी सांगितलं? मी शेवटचा रिपोर्ट उघडून बघत होते. सगळ्या टेस्ट पास होत्या." तोवर तिच्या वरिष्ठांनी तिच्याकडे उशिराचा जाब मागितला होता. म्हणजे तिला सांभाळून घ्यायला गेले आणि तिलाच अडचणीत आणलं. पुढचं वाक्य मला फार लागलं: "मला एकदा विचारायचं तरी!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी सांगितलं की हरकत तिची नव्हती, तो माझा समज होता. मिनिट्स दुरुस्त करून तिच्या वरिष्ठांनाही पाठवली.

देशादेशांच्या स्वभावाचे जे तक्ते ट्रेनिंगमध्ये दाखवतात, त्यांतल्या बऱ्याच आकड्यांचं मूळ डच समाजमानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळातल्या आयबीएम कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून केलेल्या अभ्यासात आहे. ती देशांची सरासरी आहे, त्यावरून एकेका माणसाला जोखू नका, असं खुद्द त्यांनीच बजावलं होतं. आमच्या ट्रेनिंगमध्ये नेमकं हेच कुणी सांगितलं नाही. पुढे २००९ मधला दहा भाषांचा एक अभ्यास वाचनात आला. 'हो की नाही' अशा प्रश्नांना सर्वांत झटपट उत्तरं देणारे त्यात जपानीच निघाले. मी मात्र त्यांच्या गप्प बसण्याचे अर्थ पाठ करून बसले होते.

पुढच्या रिलीजच्या वेळी ती पुन्हा गप्प झाली. या वेळी मी विचारलं, "तू काही बघते आहेस का? वेळ हवाय?"

"दोन मिनिटं."

आम्ही थांबलो. मग सगळ्यांच्या देखत ती स्पष्ट म्हणाली, "नाही. पेमेंटच्या दोन टेस्ट फेल आहेत. उद्या रिलीज करता येणार नाही."