एकशेसाठ अक्षरांतली नोटीस

परवा रात्री भाचीचा फोन आला. "मामा, मी सीआर झाले." सीआर म्हणजे वर्ग प्रतिनिधी. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी अभिनंदन केलं तर म्हणाली, "ते राहू दे. नक्की करायचं काय असतं ते सांग. सर नुसतं म्हणाले, उद्यापासून कामाला लाग."

मी २०११ साली टी.ई. मेकॅनिकलला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सीआर होतो. कॉलेज पुणे विद्यापीठाचं, पण पुण्यापासून चांगलं लांब. वर्गात ६८ जण. जुलैत क्लास टीचर सरांनी तास संपता संपता विचारलं, "कोण उभं राहतंय?" तिघं उठलो. वहीची शेवटची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या आणि त्या गोळा झाल्या सरांच्या हेल्मेटमध्ये. त्या दिवशी हजर होते ४१. फळ्यावर काड्या मारून मोजणी झाली. मला १९, दुसऱ्याला १४, तिसऱ्याला ७ आणि एक मत कँटीनच्या मामांना. ते एक मत कुणाचं, याचा तपास हॉस्टेलवर आठवडाभर चालला.

गंमत म्हणजे एवढं निवडून येऊनही कागदावर मी कुणीच नव्हतो. तेव्हा १९९४ चा विद्यापीठ कायदा चालू होता. त्यात विद्यार्थी मंडळावरचा वर्ग प्रतिनिधी निवडून येत नसे. आदल्या वर्षीचे मार्क बघून प्राचार्य त्याला नेमत. त्यामुळे मंडळाच्या मीटिंगला आमचा टॉपर जायचा. परत आल्यावर "काय झालं?" विचारलं की म्हणायचा, "सामोसा होता." २०१६ च्या नव्या कायद्याने हा प्रतिनिधी पुन्हा मतदानाने निवडायचा ठरवलं. २०१९ मध्ये निवडणुकांचं वेळापत्रकही लागलं होतं. विधानसभेच्या निवडणुकीमुळे ते पुढे गेलं, आणि पाठोपाठ कोविड आला. एवढ्या सगळ्यात हेल्मेटवाली निवडणूक मात्र कधी बंद पडली नाही. कारण वर्गाला कुणीतरी लागतंच.

कशाला लागतं? सकाळी डिपार्टमेंटमधून प्रोजेक्टरचा रिमोट आणायचा, संध्याकाळी तो परत करायचा, आणि हरवला तर आपण शोधायचा. मॅडम आल्या नाहीत तर स्टाफरूममध्ये डोकावून यायचं. (वर्गातले हळूच सांगतात, "नसल्या तर बरं, असल्या तर आठवण करू नकोस.") सबमिशनला ६८ जर्नल्स रोल नंबरप्रमाणे लावून सरांच्या टेबलावर ठेवायची. इंडस्ट्रियल व्हिजिटचे पैसे गोळा करायचे, आणि ज्याने दिले नाहीत त्याला चारचौघांत न विचारता जिन्यात गाठायचं. हे शेवटचं मला आमच्या एलआरने, म्हणजे मुलींच्या प्रतिनिधीने, शिकवलं. वर्गात मुली पाचच, त्यामुळे तिच्याकडे काम कमी असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात हिशेबाची वही तिच्याकडे होती, आणि पैशाची खरी अडचण कुणाला आहे हे मला नाही, तिला माहीत असायचं.

मास बंकचं, म्हणजे सगळ्या वर्गाने मिळून तास बुडवण्याचं, प्रकरण वेगळं. ठरवतात सगळे आणि एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, केबिनमध्ये बोलावतात एकट्याला. "तू त्यांचा माणूस की माझा?" असं सरांनी मला सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, "सर, मी पण बंकच केला होता." त्यावर ते हसले, आणि मग पुढची पंधरा मिनिटं अजिबात हसले नाहीत.

पण भाचीला मी सांगितली ती ऑक्टोबरची गोष्ट.

परीक्षा फॉर्मची नोटीस लागली. आमच्या वर्गात तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप असणारे तिघंचौघं, बाकी सगळा कारभार एसेमेसवर. आणि नेमकं सप्टेंबरच्या शेवटी ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या सरकारी नियामकाने, नको त्या जाहिराती रोखायच्या म्हणून दिवसाला शंभर एसेमेसची मर्यादा घातली होती. पुढे नोव्हेंबरमध्ये ती दोनशे झाली, पण आमचा फॉर्म ऑक्टोबरातला. ६८ जणांना एक मेसेज टाकला की हातात राहतात ३२. म्हणजे एका दिवसात वर्गाला एकदाच काय ते सांगता यायचं. शिवाय एका एसेमेसची १६० अक्षरं. त्यापुढे गेलं की दोन मेसेज धरले जायचे.

नोटीस पानभर होती. मी नोटीस बोर्डसमोर उभा राहून ती १६० अक्षरांत बसवत होतो. शेवटची तारीख, दोन फोटो, फीची रक्कम, खिडकीची वेळ. खाली आणखी एक ओळ होती. ज्यांचे विषय राहिलेत त्यांचा फॉर्म वेगळा आणि त्याची तारीख चार दिवस आधी. ती ओळ बसेना. वाटलं, ज्यांचं आहे ते बोर्ड वाचतीलच. माझं सगळं क्लिअर होतं. खरं सांगायचं तर त्या ओळीवरून माझी नजर घसरली, तेवढंच.

सात जण चुकले. सातही जणांना लेट फी बसली. त्यातला एक माझ्या शेजारच्या खोलीतला. तो खिडकीसमोर रांगेत उभा होता आणि हातातल्या दहा-दहाच्या नोटा पुन्हा पुन्हा मोजत होता. मी गेलो तर काही बोलला नाही. खिशातून नोकिया काढला, माझाच मेसेज उघडला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. मेसेज त्याने पुसला नव्हता. तारीख बरोबर होती. फक्त ती त्याची नव्हती.

खिशातून पैसे भरावेत असा विचार आला, पण सात जणांचे भरण्याइतके खिशात नव्हते आणि एकाचेच भरणं बरं दिसलं नसतं. एलआर म्हणाली, "अर्ज कर." मी, ती आणि ते सात असे आम्ही प्राचार्यांकडे गेलो. अर्जात मी लिहिलं की चूक माझी आहे. लेट फी माफ झाली नाही. मात्र पुढच्या सेमिस्टरला राहिलेल्या विषयांची नोटीस वेगळ्या कागदावर लागली, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर मी मेसेज आधी त्या सात जणांना पाठवायला लागलो, मग बाकीच्यांना.

तेव्हापासून एक शंका मात्र डोक्यात आहे. विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशी आहेत. त्यांत उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के हवी, त्या वर्षी विषय राहिलेला नसावा, खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर नको, असं बरंच आहे. पैशाचा आणि पोस्टरचा नियम मला एकदम पटतो. हजेरीचाही. विषय न राहण्याच्या अटीपाशी मी अडतो. ती का घातली ते कळतं. पुढारपण करत वर्षानुवर्षं कॉलेजात मुक्काम ठोकणारे मीही पाहिलेत. पण १९९४ च्या कायद्याने टॉपर पाठवा म्हटलं, समितीने ऑल क्लिअर पाठवा म्हटलं. मग नोटिशीची खालची ओळ वाचणार कोण?

हे ऐकून भाची जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, माझा एम-टू राहिलाय, गणिताचा दुसरा पेपर. मी सरांना सांगितलं होतं आधीच. ते म्हणाले, वर्गाला चालत असेल तर मला काय."

"आईला सांगितलंस?"

"वर्गाला चाललंय ना."

ताईला हे मी सांगायचं की हिने, यावर आमची थोडी घासाघीस झाली. ती रविवारी स्वतः सांगणार असं ठरलं. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "आणि तो प्रोजेक्टरचा रिमोट साधारण कुठे हरवतो? आमचा कालपासून सापडत नाहीये."