मशीनमध्ये गडबड होते का, मास्तर?

मास्तरकी म्हटली की निवडणुकीची ड्युटी आलीच. केंद्राध्यक्ष म्हणून जळगाव जिल्ह्यातले बरेच तालुके पाहून झाले, आणि पारावर बसा की लग्नाच्या पंगतीत, प्रश्न ठरलेला: "मास्तर, खरं सांगा, मशिनमा गडबड व्हस का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

माझ्या प्रामाणिकपणावर विसंबू नका. कायदाही विसंबत नाही. मला केंद्र मिळतं ते परक्या गावात, कोण कुणाचा हे मला ठाऊक नसतं. खरी राखण करायची ती तुमच्या गावातल्या पोलिंग एजंटांनी, म्हणजे एकमेकांविरुद्ध उभ्या उमेदवारांच्या माणसांनी.

सकाळी सातला मतदान असेल तर साडेपाचला मॉक पोल, म्हणजे मतदानाची रंगीत तालीम. एजंटांसमोर किमान ५० मतं टाकायची, नोटालाही, मग निकाल काढून व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला पडलं ते कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्यांशी ताडून दाखवायचा आणि मशीन क्लिअर करून शून्य दाखवायचं. सगळ्यात मोलाची वेळ हीच, आणि नेमके याच वेळी एजंट गायब! आदल्या रात्री त्यांना फार 'कामं' असतात. आम्ही पंधरा मिनिटं वाट पाहतो आणि उरकून घेतो.

दिवसभर मतदाराचं नाव मोठ्यानं वाचतात, तेही एजंटांसाठीच. हा तो माणूस नव्हे असं वाटलं, तर २ रुपये भरून हरकत घेता येते. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तरी रिकाम्या हातानं परतू नका, टेंडर मत मागा. ते कागदी मतपत्रिकेवर होऊन वेगळ्या लिफाफ्यात जातं.

संध्याकाळी भरतो तो नमुना १७-सी. मशीनचा नंबर, एकूण किती मतं पडली, सगळं त्यात. त्याची सही केलेली प्रत प्रत्येक एजंटाला मिळते. मतमोजणीला मशीनवरचा आकडा याच्याशी जुळवतात. शिवाय दर विधानसभा क्षेत्रातली ५ केंद्रं चिठ्ठी टाकून काढतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसं ठरवून दिलंय. कापूस घालून काटापावती न घेता आपल्याकडे कुणी घरी येत नाही. पण १७-सी टेबलावरच सोडून जेवायला पळालेले एजंट मी पाहिलेत.

नंदुरबारमध्ये मणिबेलीला मशीन नर्मदेतून बोटीनं न्यावं लागतं. नियम तिथंही हेच.

माझा संशय म्हणाल तर मशीनपेक्षा आदल्या रात्रीच्या पाकिटांवर जास्त, आणि त्याहून मतदार यादीवर. पाकीट घेऊनही माणूस आत जाऊन हवं ते बटण दाबू शकतो, कोण बघतंय? यादीतून नाव गेलं तर मात्र तोही मार्ग नाही. यादीत नाव घालायचा अर्ज, नमुना ६, मतदानाच्या आधी, मुदतीत भरावा लागतो. त्या दिवशी माझ्यासमोर ओळखपत्र कितीही नाचवा, यादीत नाव नसेल तर मला तुम्हाला मत देऊ देता येत नाही.