चिमट्याने काढलेला पाचोळा

एक फॉइलचा पुडा आहे आमच्या लॅबच्या फ्रीझरमध्ये, तो काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

जुलै २०२२. तेलंगणातल्या भद्राचलमला गोदावरी १६ तारखेला ७१.३ फुटांवर गेली. तिसरा, म्हणजे शेवटचा इशाराच ५३ फुटांना देतात तिथं, त्यावरून काय ते समजा. १९८६ च्या ७५.६ नंतर एवढं पाणी आलं नव्हतं. पूल बंद होता, तो सुरू झाल्याचं कळलं तसे सर, मी आणि ड्रायव्हर अन्ना रात्रीच निघालो. नदी वर्षभरात जेवढा गाळ नेते त्यातला बहुतेक पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांत जातो, पूर हुकला की ते वर्षच हुकलं, आणि आमच्याकडं टूरचा अर्ज पंधरा दिवस आधी द्या म्हणतात! याचा मला दरवर्षी तेवढाच संताप येतो.

काम काय, तर पुराच्या पाण्यातल्या गाळात झाडापानांचा कार्बन किती आणि तो कुठल्या झाडांचा ते शोधायचं. जगभरातल्या नद्या मिळून दरवर्षी साधारण २० कोटी टन कार्बन असा कणांच्या रूपात समुद्रात नेतात, त्यातला मोठा वाटा झाडं आणि मातीतला. वाटेत जीवाणूंनी खाल्ला तर तो परत हवेत जातो, समुद्राच्या तळाशी गाळात पुरला गेला तर लाखो वर्षं अडकून राहतो. ज्वारी, ऊस, मका यांच्या कार्बनचा आयसोटोप आकडा (म्हणजे जड आणि हलक्या कार्बनच्या प्रमाणाचा) उणे १२ च्या आसपास येतो आणि साग, भात, कापूस यांचा उणे २७ च्या आसपास, म्हणजे गाळ ज्वारी-उसाच्या शेतातला की बाकी झाडापिकांचा, जंगल धरून, याचा अंदाज लागतो. आमच्या गावाकडं, नांदेडच्या बाजूला, गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि आई दरवेळी विचारते, "आपल्या रानातली माती जाते का गं तिथवर?" थोडी जाते, बरीच वाटेतल्या धरणांत बसते. त्या वेळचं पाणी बरंचसं प्राणहिता-इंद्रावती या उपनद्यांचं होतं, गडचिरोली-बस्तरच्या जंगलातून आलेलं.

हॉटेलची खोली हीच लॅब. काचतंतूंचे फिल्टर आधीच ४५० डिग्रीला भाजून आणलेले असतात, फॉइलसुद्धा, कारण बोटाचं तेल लागलं तरी तो कार्बनच. तुम्ही हाताला क्रीम लावून आलात तर मी तुम्हाला खोलीत घेणार नाही. पुराचं पाणी शंभर मिलीतच फिल्टर चोंदवून टाकतं, मग हातपंप मारत बसायचं पहाटेपर्यंत. नंतर लॅबमध्ये आम्लाची वाफ द्यायची, काळ्या मातीतली चुनखडी जायला, नाहीतर तिचा कार्बन पण मोजला जातो. आणि या सगळ्याच्या आधी प्रोटोकॉलमधली एक ओळ : डोळ्याला दिसणारा पाचोळा चिमट्याने काढून टाकावा. मी चार वर्षं काढत होते, कधी विचारच केला नाही.

त्या दिवशी पुलावरून वरवरच्या तीन बाटल्या काढल्या, पानाचे तुकडे चिमट्याने उचलले आणि कठड्यावरून खाली टाकले. मग खोलवरच्या पाण्याची बाटली. ही दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी असते, खाली गेली की दोरीवरून वजन सोडायचं, ते आदळलं की झाकणं बंद होतात. धार एवढी की दोरी तिरपी ताणलेली, अन्नाच्या तळहाताची साल निघाली तरी त्यानं सोडली नाही, त्याच्याइतका खरा माणूस मी फील्डवर पाहिला नाही. बाटली वर आली, पाणी ओतलं तर वरच्या पाण्यात तुरळक दिसणारा पाचोळा इथं मूठभर, काळा, पाणी पिऊन जड झालेला. त्यात एक सागाचं पान, नुसत्या शिरांची जाळी उरलेलं आणि प्रत्येक भोकात बारीक माती बसलेली. मी चिमटा हातात धरून उभीच राहिले.

"सर, हे काढायचं? आपण मोजायला आलोय तेच हे आहे ना."

"तू म्हणतेस ते बरोबर आहे, पण एक पान फिल्टरवर आलं तर एकाच बाटलीचे दोन आकडे जुळत नाहीत. आणि मागच्या चार वर्षांशी तुलना कशी करणार?"

सर चुकीचं बोलले नाहीत. पण चार वर्षं आम्ही कार्बन कमीच मोजला आणि त्यातही जंगलाचा वाटा आणखीच कमी दाखवला, हेही तेवढंच खरं. २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात समुद्रतळ खोदून काढलेल्या नमुन्यांत लाकडाचे तुकडे सापडले, पार १.९ कोटी वर्षांपर्यंतच्या थरांत, काही तर हिमालयाच्या उंचावरच्या जंगलातले. आधीच्या हिशोबांत ते आलेच नव्हते कारण सगळे बारीक गाळच मोजत होते. हे मी वाचलेलं होतं, तरी चिमटा चालूच होता माझा.

शेवटी पान फिल्टरवर घेतलं नाही, पण टाकलंही नाही. सगळा पाचोळा फॉइलमध्ये बांधला, तारीख, पाणी किती खोलवरचं ते आणि बाटलीचा नंबर लिहिला. तो पुडा अजून तसाच आहे, त्याच्या मोजणीला कुठल्याच प्रोजेक्टमध्ये खर्चाचं हेड नाही. यंदापासून खोलवरच्या बाटलीचा पाचोळा वेगळा वाळवून वजन करायचं सरांनी मान्य केलंय. पण त्या दिवशीच्या वरच्या तीन बाटल्यांमधला मी कठड्यावरून टाकलाय, आणि त्याच्याशिवाय या पुड्याची तुलना करायला माझ्याकडं काहीच नाही.