मुलुंडचं रिसेलचं घर आणि 1988 चा करार

मुंबईत पहिलं घर शोधायला निघालेलं कुणी भेटलं की मी एकच सांगते: टोकनचा, म्हणजे बयाण्याचा, चेक देण्याआधी कागद मागा आणि ते आपल्या वकिलाला दाखवा. ब्रोकरने सुचवलेला वकील नको, बँकेच्या पॅनेलवरचाही नको, आपण फी देऊन नेमलेला हवा. ब्रोकर म्हणेल, पेपर क्लिअर आहेत. घरमालक म्हणतील, आम्ही इतकी वर्षं राहतोय, कधी काही झालं नाही. दोघेही मनापासून बोलत असतात. तरीही कागद बघायचेच.

आम्ही 2024 च्या सुरुवातीला मुलुंड पूर्वेला रिसेलमध्ये, म्हणजे आधीच्या मालकाकडून, वन बीएचके घेतलं. त्याआधी सगळा संसार भाड्याच्या घरांत. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालकाचा फोन कधी येतो याची धास्ती, मग पुन्हा डिपॉझिट, पुन्हा ब्रोकरेज, पुन्हा टेम्पो. मुलगी शाळेत जायला लागल्यावर हे थांबवायचं ठरवलं. सासरचं घर लालबागच्या चाळीतली एक खोली, तिथे दीर-जाऊ आणि सासूबाई. तिकडे परत जाणं शक्य नव्हतं.

आधी भांडुप-कांजूरकडचे नवे प्रकल्प पाहिले. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, ताबा देण्याची कबूल केलेली तारीख, किती घरं विकली गेली, कोर्टात काही वाद आहे का, हे सगळं दिसतं. हे फुकट आहे आणि घरबसल्या होतं, ते न बघता कुणी साइट ऑफिसात बसू नये. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही पाठ असू द्या. पण बांधकाम चालू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही. आमच्या पगारात ते बसत नव्हतं. म्हणून रिसेल.

मिठागर रोडच्या बाजूची 1988 ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट 340 चौरस फूट. मालक म्हणजे एक निवृत्त काका, छापखान्यात आयुष्य गेलेले. काकू वारल्या होत्या आणि त्यांना पुण्याला मुलाकडे राहायला जायचं होतं. स्वयंपाकघराला खिडकी, ओट्यावर दुपारपर्यंत ऊन. भाव 82 लाखांवर ठरला.

पैशांचं सविस्तर सांगते, कारण माणसं इथेच अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी फी धरत नाहीत. म्हणजे 82 लाखांवर जास्तीत जास्त 65 लाख 60 हजार कर्ज, आणि 16 लाख 40 हजार आपले. त्यावर मुद्रांक शुल्क. मुंबईत ते मेट्रो अधिभार धरून 6 टक्के, आणि करारातली किंमत व रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, निघणारं मूल्य यांत जे जास्त असेल त्यावर. नोंदणी फी 30 हजार. ब्रोकर, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, घर नावावर करताना सोसायटी घेते ते ट्रान्सफर प्रीमियम. थोडक्यात, जो '20 टक्के जमवलेत, आता घर घेऊ' असं म्हणतो त्याने आणखी आठ-नऊ टक्के हाताशी ठेवावेत, आणि तेही लगेच काढता येतील असे. आमची एफडी, माझी भिशी आणि नवऱ्याने पीएफमधून काढलेली रक्कम, सगळं यात गेलं. हप्ता 56 हजारांच्या वर बसला.

मुद्रांक शुल्कात एक सवलत आहे. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात 1 टक्का कमी लागतो. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर मिळत नाही. आमच्या बाबतीत तो फरक 82 हजारांचा होता. नवरा कर्जात सहअर्जदार राहू शकतो, पण घरात त्याचं नाव नसेल तर व्याजावरची आयकर सवलत त्याला घेता येत नाही. हा हिशोब दोघांनी बसून करायला हवा. आम्ही केला आणि घर माझ्या एकटीच्या नावावर घ्यायचं ठरवलं. सासूबाईंना सांगताना मला धाकधूक होती. त्या म्हणाल्या, "चाळीतल्या खोलीच्या भाडेपावतीवर माझ्या सासऱ्यांनंतर तुझ्या सासऱ्यांचं नाव लागलं, माझं कधी नाही. तुझं लागू दे." त्या माउलीचे हे शब्द मी जन्मभर विसरणार नाही.

आता कागद. काकांनी कपाटातून एक निळी फाइल काढून दिली. त्यात बिल्डरबरोबरचा 1988 चा करार होता, टाइपरायटरवर टंकलेला, पहिलं पान 20 रुपयांचा स्टॅम्प पेपर. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली आणि तीही पिवळी पडलेली. शेवटच्या पानावर बिल्डरचा रबरी शिक्का, काकांची सही, खाली काकूंची सही जपून, अक्षर न् अक्षर वेगळं काढलेली. आमच्या वकीलबाईंनी तो करार उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "नोंदणीही नाही आणि पुरेसा स्टॅम्पही नाही."

काकांनी काही लपवलं नव्हतं. त्या काळात मुंबईत असे कितीतरी करार झाले. 10 डिसेंबर 1985 पासून महाराष्ट्रात घरखरेदीच्या अशा करारांवर खरेदीखताप्रमाणे पूर्ण मुद्रांक शुल्क लागू झालं, पण लोक सवयीप्रमाणे किरकोळ रकमेच्या स्टॅम्प पेपरवर सह्या करत राहिले. सोसायटीच्या सभासदत्वाचं शेअर सर्टिफिकेट हातात आलं की घर आपलं झालं, असं सगळे मानत. राहण्यापुरतं ते चालूनही गेलं. विकायची वेळ आली की मात्र अडतं, कारण मागच्या कराराचं शुल्क भरलेलं नसेल तर बँकेचा वकील टायटल क्लिअर, म्हणजे मालकी निर्वेध असल्याचा दाखला, देत नाही. आणि थकलेल्या शुल्कावर दरमहा 2 टक्के दंड चढतो, जास्तीत जास्त शुल्काच्या चौपट.

वेळ मात्र आमच्या बाजूने होती. डिसेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्क अभय योजना आणली होती. 1980 ते 2000 या काळातला घराचा करार असेल आणि कमी भरलेलं शुल्क एक लाखापर्यंत असेल, तर शुल्कही माफ होत होतं आणि दंडही. काकांच्या कराराची मूळ किंमतच दोन लाखांच्या आत, त्यामुळे ते यात बसले. अर्ज काकांच्या नावाने करायचा होता. मूळ करार, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सच्या पावत्या, सगळं जोडून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिलं. तिथे आमच्यासारखेच जुन्या फायली छातीशी धरून बसलेले कितीतरी म्हातारे-म्हाताऱ्या होत्या. काही जण एकटेच आलेले, कुठल्या खिडकीवर जायचं तेही माहीत नसलेले. माझा नवरा त्यांतल्या दोघा-तिघांचे अर्ज भरून देत बसायचा. करारावर शासनाचा शिक्का उमटून तो परत आला तेव्हा काकांनी तो कितीतरी वेळ हातात धरून ठेवला. त्यानंतर त्यांनी घोषणापत्र करून तो जुना करार त्याला जोडला आणि रीतसर नोंदवून घेतला.

दुसरी गाठ काकूंच्या हिश्श्याची. करार दोघांच्या नावाने होता, आणि सोसायटीत काका त्यांचे नॉमिनी. अनेकांना वाटतं नॉमिनी म्हणजे मालक. तसं नाही. मृत्युपत्र नसल्यामुळे काकूंचा हिस्सा नवरा, मुलगा आणि मुलगी असा तिघांत गेला होता. म्हणून मुलाने पुण्याहून आणि मुलीने नाशिकहून येऊन वडिलांच्या नावे हक्कसोड पत्र नोंदवलं. मुलगी सही करताना रडली. तिचं लहानपण त्या घरात गेलेलं. मी तिला सांगितलं, कधीही ये.

ही दोन कामं होईपर्यंत आम्ही काकांना टोकन म्हणून अगदी लहान रक्कम दिली होती, आणि कागद पूर्ण झाले नाहीत तर ती परत मिळेल असं लिहून घेतलं होतं. वकीलबाईंनी हट्टाने घालायला लावलेली ती अट होती. तिच्यामुळे दोन्हीकडचं नातं शेवटपर्यंत गोड राहिलं असं मला वाटतं, कारण उशीर झाला तरी कुणाचा जीव टांगणीला नव्हता.

बँकेने इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, इमारतीत राहायला पालिकेची परवानगी असल्याचा दाखला, मागितलं, ते सोसायटीकडे होतं. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, त्याचा अहवालही मागितला. जुन्या इमारतीत घर घेणाऱ्याने हे दोन कागद ब्रोकरेज ठरवण्याआधी बघावेत. ओसी नसलेल्या इमारती मुंबईत भरपूर आहेत, आणि तिथे कर्जापासून पाण्याच्या बिलापर्यंत सगळीकडे त्रास. सोसायटीने ट्रान्सफर प्रीमियम 25 हजारच घेतलं. सरकारी परिपत्रकाप्रमाणे महापालिका क्षेत्रात त्याहून जास्त घेता येत नाही. 'देणगी' म्हणून कुणी जास्त मागितले तर परिपत्रक दाखवा.

नोंदणी कुर्ला तालुक्याच्या दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात. शुल्क आधी ऑनलाइन चलनाने भरलेलं, डेटा एन्ट्री वकिलांकडून झालेली. फोटो झाले, माझा अंगठा झाला. काकांचा अंगठा काही केल्या यंत्रावर येईना. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून जुळवून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. ऑपरेटरने ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं, पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. मग काकांनी अंगठा पँटला घासला, फुंकर घातली आणि दाबून धरला. पडद्यावर रेषा उमटल्या तेव्हा रांगेतले मागचे लोकसुद्धा "आलं, आलं" म्हणाले. संध्याकाळी इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा, हातात आला. खरेदी घेणार म्हणून त्यावर माझं नाव.

पैसे देताना टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या रकमेतून आधीच कापायचा आयकर, विसरू नका. 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर असेल तर घेणाऱ्याने 1 टक्का कापून सरकारकडे भरायचा असतो (आमच्या वेळी 2024 मध्ये तो फॉर्म 26 क्यूबीने भरला जायचा), कापला त्या महिन्याच्या अखेरीपासून तीस दिवसांत, आणि विकणाऱ्याला त्याचं प्रमाणपत्र द्यायचं. त्याआधी विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, हे आयकराच्या संकेतस्थळावर बघून घ्या. जोडलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय धरलं जातं आणि कपात 1 ऐवजी 20 टक्के होते. ती मागणी नंतर घेणाऱ्याच्या दारात येते. काकांचं पॅन जोडलेलं नव्हतं. त्यांच्या मुलाने दंड भरून ते जोडून घेतलं, ते चालू झाल्याचं दिसलं आणि मगच आम्ही रक्कम दिली.

ताबा मिळाल्यावरची कामं किरकोळ, पण करून टाकावीत. शेअर सर्टिफिकेटवर नाव, महावितरणचं बिल, मालमत्ता कर, गॅस. मूळ करार बँकेत राहतात, तेव्हा कोणकोणते कागद जमा झाले त्याची बँकेच्या सही-शिक्क्याची यादी मागून घ्या. काकांच्या त्या 1988 च्या कराराचा क्रमांक आमच्या यादीत पहिला आहे.

एक काम अजून चालू आहे. आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नाही, मालमत्ता पत्रकावर जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर आहे. सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने ते करून द्यायचं असतं. इथे पस्तीस वर्षं उलटली. हे आम्हाला घर घेतानाच माहीत होतं, आणि किंमत ठरवताना ते धरलं होतं. पुनर्विकासाचं नाव काढायचं तर आधी जमीन सोसायटीच्या नावावर हवी. मागच्या सर्वसाधारण सभेत मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डर करून देत नसला तरी सरकारी आदेशाने कन्व्हेयन्स मिळवण्यासाठी, अर्ज करायचं ठरलं आणि सभासदांचे करार, इंडेक्स टू गोळा करायचं काम मी मागून घेतलं. तळमजल्यापासून सुरुवात केली आहे. चार घरांत 20 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचे करार निघाले. त्यांतल्या दोन आजींबरोबर येत्या आठवड्यात वकीलबाईंकडे जायचं आहे.