तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा दमसास आणता कुठून?

नोकरी सांभाळून शंभर-सव्वाशे किलोमीटरची माउंटन बाइक शर्यत करायची, तर एवढा दमसास आणता कुठून? हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मांड्या आणि फुप्फुसं असतात. पण हौशी स्पर्धक शर्यत अर्धवट सोडतो तो सहसा पाय संपले म्हणून नव्हे. आधी पोट साथ सोडतं, नाहीतर सायकल.

सरावाचं थोडक्यात सांगते. आठवड्याला 8 ते 10 तास पुरतात. एक फेरी 4-5 तासांची, शेजारच्याशी सलग बोलता येईल अशा वेगाची. दोन दिवस तासाभराचा जोराचा सराव: चढावर 8 मिनिटांचे चार टप्पे, मध्ये 4-4 मिनिटं सैल पेडल. बाकीचं सगळं आरामात. चूक होते ती या आरामातच. हलक्या दिवशी माणूस उगाच रेटतो आणि जोराच्या दिवशी अंगात जोर उरत नाही. शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत तास निम्म्यावर आणा.

आता पोटाकडे वळू. जोरात चालवलं तर स्नायूंमधला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा दीड-दोन तासांत तळाला जातो आणि शर्यत असते सहा ते दहा तासांची. तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं हे किमान धरा. आतडं नुसतं ग्लुकोज तासाला साधारण 60 ग्रॅमच शोषतं. फ्रुक्टोजची वाट वेगळी असते, म्हणून दोन्ही 2:1 प्रमाणात घेतली की सरावलेलं पोट 90 ग्रॅमपर्यंत जातं. घरी करायचं पेय असं: 750 मिली पाणी, 40 ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजच्याच साखळ्यांची पूड), 20 ग्रॅम फ्रुक्टोज, 1 ग्रॅम मीठ. एका तासाला एक बाटली. त्या मिठातून सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम मिळतं. कडक उन्हात पाणी आणखी लागतं, पण ते साध्या बाटलीतून घ्या, पेय घट्ट करू नका. घट्ट पेय पोटात पडून राहतं, कारण मेहनतीत रक्त पायांकडे वळलेलं असतं. मग मळमळ सुरू होते आणि खाणंच थांबतं. तिथून पुढचा तास कसाबसा जातो.

डांबरी रस्त्यावर केव्हाही हात सोडून खाता येतं. दगडगोट्यांच्या पायवाटेवर हँडल सोडता येत नाही. म्हणून नकाशा पाहून ठरवून ठेवा: या रुंद चढाच्या सुरुवातीला खायचं, त्या उतारानंतरच्या सपाटीला प्यायचं. पहिला घास पहिल्या 20 मिनिटांतच. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. आणि पोटालाही सराव लागतो. आठवड्याच्या लांब फेरीत हेच पेय, याच प्रमाणात घ्या.

सायकलीचं गणित लोक धरतच नाहीत. रॉकशॉक्स कंपनीच्या फोर्कला, म्हणजे पुढच्या चाकाच्या धक्के झेलणाऱ्या दांड्याला, दर 50 तासांनी खालच्या नळ्यांची सर्व्हिस लागते. आठवड्याला 10 तास चालवणाऱ्याला ती पाच आठवड्यांतच येते! ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा द्रव, दोन-तीन महिन्यांत सुकत जातं, उष्ण हवेत त्याआधीच. 29 इंची, 2.4 इंच रुंदीच्या टायरमध्ये 100 मिलीच्या आसपास असावं. चाक कानाशी धरून हलवा. खळखळ ऐकू आली नाही तर भरा. हवेचा अंदाज म्हणून, 70 किलोच्या स्वाराने पुढे 20 आणि मागे 23 पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं एकक) सुरुवात करावी. खडकावर रिम आपटल्याचा आवाज आला की एक वाढवा. गेज मात्र नेहमी एकच वापरा. दोन गेज क्वचितच एक आकडा दाखवतात.

पंक्चर झालं की पांढरे बुडबुडे फसफसताना दिसतात. लगेच पिशवीतून प्लग, म्हणजे भोकात खुपसायची चिकट रबरी पट्टी, काढू नका. भोक तळाशी येईल असं चाक फिरवून अर्धा मिनिट थांबा, सीलंट तिथे जमतं आणि बारीक भोक आपोआप बुजतं. नाहीच बुजलं, तर प्लगची पट्टी सुईच्या डोळ्यात मधोमध ओवा, दोन-तृतीयांश आत जाईपर्यंत दाबा आणि सुई न पिळता एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. पिळलीत तर पट्टीही बाहेर येते. वरची टोकं जरा ठेवून कापा, हवा भरा. सवयीच्या हातांना दोन-तीन मिनिटं लागतात, सवय नसेल तर पंधरा. अमेरिकेतल्या लेडव्हिलसारखी 100 मैलांची शर्यत 12 तासांत संपवायची असते. तिथे पंधरा मिनिटं फार महाग पडतात.

पडलात तर उठून लगेच पेडल मारू नका. आधी मागून पाहा: डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा) पिंजरा गिअरच्या चकत्यांच्या रेषेत उभा आहे का? आत झुकला असेल तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा, वाकलाय. अशात सर्वांत मोठ्या चकतीवर चेन टाकलीत, की डिरेलर आऱ्यांत अडकतो आणि शर्यत तिथेच संपते. सुटा हँगर जवळ ठेवा, आपल्याच फ्रेमचा. सोबत चेनची क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडणारी कडी, असू द्या. ती चेनच्या स्पीडचीच (मागच्या चकत्यांच्या संख्येचीच) हवी, 11 ची 12 ला चालत नाही. चेन बहुधा तुटते ती चढावर, पूर्ण जोर देत असताना गिअर बदलल्याने. बदलताना अर्धा फेरा पाय हलके करा.

चिखलाचा अंदाज असेल तर ब्रेकला धातूमिश्रित पॅड घाला, रेझिनचे एका ओल्या शर्यतीत संपू शकतात. नवे पॅड आदल्या रात्री बसवून थेट सुरुवातीच्या रेषेवर जाऊ नका. मोकळ्या उतारावर वीसेक वेळा वेग घ्या आणि चाक पूर्ण न थांबवता दाबून कमी करा. तोवर त्यांना पकड येत नाही.