तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेच्या करावर मी 'नाही' का म्हटलं

इथे कॅलिफोर्नियात मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत हा प्रश्न मला हमखास गाठतो. या वेळी विचारणारी आमच्याच कॉम्प्लेक्समधली एक मुलगी होती. एका हातात द्रोण, कडेवर पोर.

"काकू, रागावणार नसाल तर विचारते. तुमच्या दोन्ही मुली इथल्याच सरकारी पब्लिक शाळांत शिकल्या, तुमचे बाबा मास्तर होते, आणि शाळेच्या टॅक्सविरुद्ध छापलेल्या मजकुराखाली तुमची सही?"

मी रागावत नाही. पण रांग पुढे सरकते, मागचे घसा खाकरतात, आणि 'सांगते गं कधीतरी' म्हणून मी सटकते. तर आता सांगतेच.

आमचं गाव सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, सांता क्लारा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टनं (इथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) मे महिन्यातल्या एका मंगळवारी खास निवडणूक घेतली. विषय एकच: पार्सल टॅक्स. (पार्सल म्हटलं की मला अजून केळीच्या पानात बांधलेली इडली आठवते. इथे पार्सल म्हणजे सरकारी नोंदीतला भूखंड. तुमचा दोन खोल्यांचा फ्लॅटही स्वतंत्र पार्सल असतो.) प्रत्येक पार्सलमागे वर्षाला काहीशे डॉलर, आठ वर्षं. पैसा शिक्षकांचे पगार, लायब्ररी, संगीत यांसाठी.

आता हा कर असा विचित्र का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १९७८च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ (थेट मतदारांपुढे ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव) मंजूर केलं. तेव्हापासून प्रॉपर्टी टॅक्सचा मूळ दर घराच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधला गेला, आणि ती नोंदलेली किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढू शकते. घर विकलं की मात्र नवी किंमत लागते. हिशोब करून बघा. १९७८ साली ७० हजार डॉलरला घेतलेल्या घराची नोंदलेली किंमत २०२५मध्ये फार तर पावणेदोन लाखांच्या आसपास येते. कर साधारण पावणेदोन हजार. त्याच गल्लीत तसंच घर आज कुणी १८ लाखांना घेतलं, तर त्याला १८ हजार. दोघांचा कचरा एकाच गाडीत जातो, दोघांची नातवंडं एकाच शाळेत.

स्कूल बोर्डाला, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या कारभारी मंडळाला, हा १ टक्का वाढवता येत नाही. इमारतींसाठी कर्जरोखे काढता येतात, त्यांना २००० सालापासून ५५ टक्के मतं पुरतात. पण रोजच्या खर्चासाठी, पगारासाठी, स्थानिक पैसा हवा असेल तर पार्सल टॅक्स हाच रस्ता, आणि बोर्डानं मांडलेल्या पार्सल टॅक्सला दोन तृतीयांश मतं लागतात. बोर्डाचे लोक काही चोर नाहीत. घरं इतकी महाग झाली की लहान मुलांची कुटुंबं इकडे येऊ शकत नाहीत, पट घसरतो, आणि राज्याचा पैसा हजेरीवर मिळतो. त्यात शिक्षकांच्या पेन्शनमध्ये डिस्ट्रिक्टनं भरायचा वाटा २०१४च्या कायद्यानं पगाराच्या सव्वाआठ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्यानं १९.१ टक्क्यांवर नेला. अडचण खरी होती. हे मी प्रत्येकाला आधी सांगते, कारण 'काकू खर्च वाचवायला निघाल्या' असा समज पसरलाय. २०२०मध्ये मोठ्या व्यापारी मिळकतींना बाजारभावानं कर लावणारं प्रपोझिशन १५ आलं, त्याला मी होकार दिला होता. ते थोडक्यात पडलं. घरी दोन दिवस सुतक होतं.

मग यालाच विरोध का?

माझे बाबा कराडजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. शाळेचं छप्पर गळायचं. दुसरीचा वर्ग पावसाळ्यात मारुतीच्या देवळात भरायचा. अर्ज गेले, स्मरणपत्रं गेली, पत्रे आले नाहीत. शेवटी बाबांनी लोकवर्गणी काढली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची, वही धरायला त्यांच्याबरोबर हिंडायची. घरटी अमुक रुपये असं त्यांनी ठरवलंच नाही. ज्याचा ऊस कारखान्याला जातो त्याच्या ओसरीवर ते चहा पिऊन बसून राहायचे, आकडा वाढेपर्यंत. कोरडवाहू दोन एकरवाल्याकडून पायलीभर ज्वारी. ज्याच्याकडे तेही नव्हतं तो वासे चढवायला आला. त्याचंही नाव माझ्या वहीत होतं, समोर 'दोन दिवस' असं लिहिलेलं. आणि हा विषय बाबांनी काढला तो जत्रेच्या बैठकीत, मुंबईचे चाकरमानी धरून सगळं गाव हजर असताना. सुगीच्या दिवसांत, निम्मं गाव रानात असताना, चारजणांना पारावर बोलावून ठरवता आलं असतं. तसं केलं असतं तर वर्गणी लवकर जमली असती असं आई म्हणायची.

आता आमचा मे महिना बघा.

त्या मतपत्रिकेवर दुसरं काही नव्हतं. गव्हर्नर नाही, अध्यक्ष नाही, एक ओळ फक्त. लिफाफा सगळ्यांना घरपोच येतो, पण अशी निवडणूक चालू आहे हेच बहुतेकांच्या गावी नसतं. पत्रकांच्या ढिगात लिफाफाही रद्दीत जातो. ज्यांना हवं आहे ते मात्र पक्के जागे असतात. हीच ओळ नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर गेली असती तर काउंटीला द्यायचा निवडणूक खर्च इतरांत वाटला गेला असता. एकट्याची निवडणूक म्हणजे सगळा बोजा डिस्ट्रिक्टवर. पैसे नाहीत म्हणून पैसे मागायला पैसे खर्च केले. अर्थात, कमी मतदान म्हणजे खात्रीचा विजय असंही नाही. लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टनं जून २०१९मध्ये अशीच खास निवडणूक घेतली, शिक्षकांच्या संपाला सहा महिनेही झाले नव्हते, लोकांची सहानुभूती ताजी होती. तरी त्यांच्या पार्सल टॅक्सच्या प्रस्तावाला, 'मेझर ईई'ला, निम्मीसुद्धा मतं पडली नाहीत.

पण त्या लॉस एंजेलिसच्या करात एक गोष्ट चांगली होती: तो बांधकामाच्या चौरस फुटामागे १६ सेंट असा होता. आमचा सरसकट. माझ्या कॉम्प्लेक्समधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला जेवढा, तेवढाच टेकडीवरच्या बंगल्याला, आणि तेवढाच एका पार्सलवर उभ्या असलेल्या अख्ख्या ऑफिसच्या इमारतीला. बोर्डाच्या सभेत हे विचारलं तर म्हणाले, कायदाच तसा, एकसारखा लावावा लागतो. अर्धं खरं. अलामीडा या कॅलिफोर्नियातल्याच शहराच्या डिस्ट्रिक्टनं घरांना एक दर आणि व्यापारी मिळकतींना दुसरा असं केलं होतं, ते २०१३मध्ये अपील कोर्टानं मोडलं. पण पुढे त्याच अलामीडानं सगळ्यांना एकच चौरस फुटाचा दर लावला, आणि २०२३मध्ये कोर्टानं तो उचलून धरला. म्हणजे वाट होती. तिने जायचं तर मोठ्या इमारतींचे मालक विरोधात पैसा ओततील, ही धास्ती होती. ऊसवाल्याच्या ओसरीवर बसायला कुणी तयार नव्हतं, एवढंच.

शिवाय पासष्टीच्या पुढच्यांना माफी. अर्ज केला की कर शून्य. एकट्या पेन्शनीवर राहणाऱ्या म्हातारीला माफी मिळावी, यात वाद नाही. पण माफी वयाला होती, ऐपतीला नव्हती. आणि सगळ्यात नेमानं मतदान करणारे कोण? तेच. त्यांचं मत शाबूत, बिल माफ. उलट आमच्या कॉम्प्लेक्समध्ये निम्मी घरं आपल्या पोरांची: एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं. घर त्यांच्या नावावर, हप्ता त्यांचा, मुलं शाळेत त्यांची, कर त्यांना पूर्ण, आणि नागरिकत्व नाही म्हणून मत नाही. मला विचारणाऱ्या त्या मुलीलाही नाही. तिला मत असतं तर तिनं होकारच दिला असता, हे मला माहीत आहे. तो तिचा हक्क होता, माझा नव्हे. पण तिच्या पैशाचा निर्णय तिच्याशिवाय, कर भरायचा नाही अशा लोकांच्या भरवशावर घेणं मला पटलं नाही.

पुण्याच्या आमच्या फ्लॅटच्या घरपट्टीत शिक्षण कर असतो. १९६२च्या कायद्यापासूनचा. तो द्यायचा की नाही हे आम्हाला कुणी कधी विचारलं नाही, म्हणून इकडे विचारतात याचं मला पहिल्यांदा फार कौतुक वाटलं होतं. अजूनही वाटतं. म्हणून तर कधी विचारतात आणि कुणाला विचारतात, तिथे मी अडते.

सहीचं सांगायचं राहिलं. काउंटी मतदारांना पुस्तिका पाठवते, त्यात बाजूनं एक आणि विरोधात एक मजकूर, तीनशे शब्दांपर्यंत, खाली पाचपर्यंत सह्या. विरोधात लिहायला कोणी पुढे आलं नाही तर ते पान तसंच जातं, आणि इकडे बहुतेक वेळा तसंच होतं. मी लिहायला बसले तेव्हा एक गृहस्थ मदतीला आले. गेली कित्येक वर्षं ते प्रत्येक कराविरुद्ध लिहीत आलेत. मसुद्यात त्यांनी 'ऐतखाऊ शिक्षक' या अर्थाचा शब्द घातला. मी खोडला. त्यांनी परत घातला. तिसऱ्यांदा मी सांगितलं, हा शब्द राहणार असेल तर माझी सही नाही. शब्द गेला, पण माझं नाव त्यांच्या नावाखाली छापून आलं, आणि माझ्या धाकटीच्या जुन्या व्हायोलिनच्या बाईंनी ते वाचलं. दुकानात भेटल्या. हसल्या, नेहमीसारखंच, पण थांबल्या नाहीत. या सगळ्यात मला लागलं ते हेच.

कर पडला. होकार साठ टक्क्यांच्या वर होता, दोन तृतीयांशांना थोडे कमी पडले. म्हणजे थोड्यांनी पुष्कळांना हरवलं. हा नियम मला न्याय्य वाटत नाही, आणि मी जिंकले ती त्याच नियमावर. ही गोष्ट मी प्रसादाच्या रांगेत कुणाला सांगितलेली नाही.

त्यानंतर लायब्ररीचे तास कमी झाले. 'तुमच्यामुळे,' असं कुणी तोंडावर म्हणत नाही.

मागच्या आठवड्यात एक फोन आला. डिस्ट्रिक्टच्या वतीनं पाहणी चालली होती, बोलणारा मुलगा कॉलेजातला असावा. शाळांसाठी पुन्हा पार्सल टॅक्स आला तर तुम्ही नक्की होकार द्याल, बहुधा द्याल, बहुधा नाही, की नक्कीच नाही?

मी विचारलं, "चौरस फुटावर की सरसकट?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "मॅडम, ते इथे लिहिलेलं नाही."

"आणि नोव्हेंबरात की परत मे महिन्यात?"

"तेही नाही." तो थोडा वेळ गप्प होता. मग बिचाऱ्यानं अदबीनं विचारलं, "'अजून ठरलेलं नाही' असं लिहू का?"

"लिही बाबा," मी म्हटलं.